टक आवाज, रिकामा सेल्फ आणि दिवे घाट

तुमची तक्रार आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण उत्तराची निम्मी वाट तिथेच आहे. २००७ ची डिझेल पिकअप, तीन लाखांच्या घरात किलोमीटर. सासवडजवळून आठवड्यातून चार वेळा पहाटे अडीचला निघून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल टाकायचा. कधी चावी फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो, पुढे काही नाही. पाच-सहा वेळा चावी मारली की एकदम उचलते. कधी सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी मोटर, मस्त फिरतो पण गाडी घेत नाही. आणि परतताना पेंडीची पोती भरून दिवे घाट चढताना महिन्यातून दोन-तीनदा गचके देऊन बंद पडते, पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. बॅटरी नवी टाकून झाली, सेल्फ रिपेअर झाला, डिझेल फिल्टर दोनदा बदलला. आता 'पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) उतरवावा लागेल, वीस हजारांच्या वर जातील' असं सांगितलंय. उतरवू का, हा तुमचा प्रश्न.

नका उतरवू. निदान अजून तरी नाही.

तीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी डिझेल गाड्यांखाली पाठ टेकून काढलाय. अधूनमधून येणाऱ्या दोषाशी माझं जुनं वैर आहे. कायमचा बिघाड सरळ असतो, गाडी टो करून येते आणि दोष जागेवर बसलेला सापडतो. अधूनमधूनवाला मात्र गॅरेजच्या दारात आला की शहाण्या मुलासारखा वागतो. मग मेकॅनिक काय करतो? ज्याचा संशय येईल ते बदलतो. गाडी चार दिवस बरी चालते, ती तशीही चालणारच होती, आणि आपल्याला वाटतं जमलं. तुमची बॅटरी, सेल्फ, फिल्टर हे तिन्ही खर्च याच पद्धतीने झालेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी गोष्ट. तुम्ही याला 'स्टार्टिंगचा त्रास' असं एकच नाव दिलंय, पण मला यात निदान तीन वेगळे दोष दिसतात. सेल्फच न फिरणं हा विजेचा मामला आहे, त्याचा डिझेलशी काडीचा संबंध नाही. सेल्फ फिरून गाडी न घेणं बहुतेक वेळा डिझेलचा मामला. घाटात बंद पडणं हे तिसरंच. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य टाकलंत की एकदा फुरसुंगीजवळ सपाटीला, स्पीडब्रेकरवरून उतरताना गाडी गचका न देता फट्‌कन बंद पडली आणि लगेच सुरू झाली. ते वाक्य मी तीनदा वाचलं. तो कदाचित चौथा दोष आहे, आणि पंप उतरवण्याआधी तो सापडलाच पाहिजे. कारण पुढे सांगतो.

त्याआधी एक सुरक्षेचं. घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर फक्त उरलेल्या व्हॅक्यूमवर चालतो. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप इंजिनच फिरवतं, बऱ्याच गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. इंजिन थांबलं की दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंत ब्रेक नेहमीसारखा लागतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळा जोर पायाचा. पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून बंद पडल्याबरोबर पेडल पंप करत बसू नका. एकदाच घट्ट दाबून धरा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, जोडीदाराला खाली उतरवून मागच्या चाकाला दगड लावायला सांगा. भरल्या गाडीवर सेल्फशी खेळ त्यानंतर.

आता 'टक'. मोठी डिझेल गाडी सुरू होताना सेल्फ सहज २०० अँपिअर ओढतो, थंडीत त्याहून जास्त. एवढ्या करंटला क्षुल्लक अडथळाही महागात पडतो. एखाद्या जोडात ०.०१ ओहम रोध असेल, जो साध्या मल्टिमीटरवर धड दिसतही नाही, तरी २०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात. बारा व्होल्टच्या बॅटरीतले दोन व्होल्ट एका गंजलेल्या थिंबलने (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीने) खाल्ले तर सेल्फला काय उरणार? म्हणून 'बॅटरी नवी आहे, वायर तर दिसतेय चांगली' याला काही अर्थ नाही. वायर बघायची नसते, लोड असताना मोजायची असते.

मोजायचं असं. पंपावरच्या कटऑफ सोलेनॉइडची (चावी बंद केली की डिझेल तोडणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण गाडी सुरू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आधी नुसती बॅटरी मोजा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशाच्या खांबावर टेकवा. टर्मिनलच्या क्लँपवर नाही, खांबावर, कारण गंज बरोबर त्या दोघांच्या मध्ये लपलेला असतो. दुसरा प्रोब सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. कोणाला तरी चावी मारायला सांगा आणि सेल्फ फिरताना आकडा वाचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ती बाजू ठीक. आता तेच निगेटिव्हला. एक प्रोब निगेटिव्ह खांबावर, दुसरा सेल्फच्या बॉडीवर. इथे मी ०.३ च्या वर गेलेला आकडा सोडत नाही.

जुन्या पिकअपमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला चोर म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यामधली अर्थ पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायचा, रस्ता फक्त त्या विणलेल्या पट्टीतून किंवा जाड केबलमधून. पट्टीच्या तारा आतून एकेक तुटत जातात, बाहेरून ती जागेवर दिसते. इंजिन जरा हललं की कधी टेकते, कधी टेकत नाही. पाच-सहा वेळा चावी मारल्यावर तुमची गाडी उचलते याचं हे एक सरळ कारण असू शकतं, कारण प्रत्येक 'टक'ला इंजिनला बारीक झटका बसतो. याची आणखी एक खूण आहे. रस्ता न मिळालेला करंट मग दुसऱ्या वाटा शोधतो. बराच वेळ सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल कोमट लागली, तर अर्थिंगचा करंट तिथून चाललाय असं समजा. अशा केबली नंतर कडक होऊन तुटतात आणि बिचारा मालक केबल बदलत राहतो.

मीटर नसेल तर पहाटे त्याच क्षणी हेडलाइट लावून चावी मारा. लाइट एकदम विझायला आला तर बॅटरी, तिचे टर्मिनल किंवा अडकलेला सेल्फ. लाइट जसाच्या तसा राहिला आणि नुसता 'टक' झाला, तर करंट सेल्फपर्यंत पोहोचतच नाही किंवा सेल्फमधून जातच नाही. म्हणजे अर्थ पट्टी, सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या आतले जळलेले तांब्याचे कॉन्टॅक्ट, नाहीतर झिजलेले कार्बन ब्रश. सेल्फवर पान्याने हलकेच टकटक केल्यावर उचलला तर ब्रश. रिपेअर करताना तुमच्या सेल्फचे ब्रश बदलले की नुसता साफ करून रंग मारला, हे मला माहीत नाही, पण जुने ब्रश परत मागायची सवय लावा.

तिसरी शक्यता चावीच्या स्विचची. सेल्फच्या बारीक वायरला चावी मारताना किती व्होल्ट येतात ते बघा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असतील तर स्विच किंवा त्याची वायरिंग म्हातारी झालीय. सेल्फचा सोलेनॉइड पहिल्या झटक्याला बराच करंट मागतो, तो सतरा वर्षांहून जुन्या स्विचच्या टिकल्यांतून नेण्यापेक्षा मधे एक चांगला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, टाका. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून सेल्फला, ८६ ला चावीची वायर, ८५ ला अर्थ. पाऊण तासाचं काम आहे आणि स्विचचं आयुष्य वाढतं.

या सगळ्यात खर्च काय? टर्मिनल उघडून पॉलिश पेपरने घासणं, नवी अर्थ पट्टी, हवं तर एक रिले. नाना पेठेत एका फेरीत मिळतं. पट्टी चेसिसला लावताना खालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, रंगावर बसवलेली अर्थ ही अर्थ नव्हे. जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा सेल्फ आणून बघू नका. तोही कोणीतरी अशाच त्रासाला कंटाळून विकलेला असतो.

सेल्फ मारायची एक मर्यादा पाळा, दहा सेकंद, फार तर पंधरा, मग मिनिटभर विश्रांती. 'आता घेईल, आता घेईल' म्हणत अर्धा मिनिट दाबून धरणारे ड्रायव्हर सेल्फ जाळतात आणि वर बॅटरीला नावं ठेवतात.

दुसरी तक्रार. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी घेत नाही. इथे मीटर नाही, नाक आणि डोळे लागतात. सेल्फ मारत असताना कोणाला तरी टॉर्च घेऊन सायलेन्सरपाशी उभं करा. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास येतोय? मग डिझेल पोहोचतंय, पण जळत नाहीय. डिसेंबर-जानेवारीत सासवडच्या पठारावर पहाटे चांगलीच थंडी असते. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारे) असतील तर त्यांना करंट येतोय का ते बघा, नसतील तर कॉम्प्रेशन आणि टायमिंगकडे वळा. धूर अजिबात नाही? मग डिझेल सिलिंडरपर्यंत गेलंच नाही. पंप वाईट, पंप वाईट म्हणणाऱ्या कोणी हा धूर एकदा तरी पाहिला का, असा माझा प्रश्न आहे.

धूर नसेल तर पहिला संशय एअरवर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेल्या हवेवर. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन दाबाखाली नसते, ओढीखाली असते. त्यामुळे त्या लाइनला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. खाली डाग नाही म्हणून सगळे म्हणतात लीकेज नाही. रात्रभरात त्या चिरेतून हवा शिरते, लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं आणि पहाटे सेल्फला रिकामी लाइन भरत बसावं लागतं. दिवसा गरम गाडी एका झटक्यात घेते, कारण लाइन भरलेलीच असते. फिल्टर दोनदा बदलल्यावर हा त्रास वाढला का, ते आठवा. फिल्टरचं जुनं वॉशर तसंच ठेवलं, बँजो बोल्टचं (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचं) तांब्याचं वॉशर परत वापरलं, तर बदलणाऱ्यानेच एअर आत सोडलेली असते. तांब्याचं वॉशर एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दरवेळी नवं घालावं.

पैसे न खर्चता करायची एक चाचणी सांगतो. दोन रात्री गाडी नाक उताराकडे करून उभी करा, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा वर राहील. दोन रात्री उलटी, नाक चढाकडे. उताराला उभी असताना पहाटे झटकन सुरू होते आणि चढाला उभी असताना रडते, असं दिसलं तर एअर नक्की. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये डिझेल सोसणारा पारदर्शक पाइप वीतभर जोडा आणि गाडी चालू ठेवून बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील ते सोडा. पाच मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालू असेल तर मागच्या बाजूला एकेक जोड तपासत जा: हँड प्रायमरची (हाताने दाबून लाइनमध्ये डिझेल भरायच्या छोट्या पंपाची) ओ-रिंग, रबरी पाइपचं टोक, क्लिपखालची चीर. जिथे रबर दुमडलं की बारीक भेगा दिसतात, तो पाइप बदला. बदलताना डिझेलचाच पाइप घ्या. पाण्याची नळी डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते, आणि सहा महिन्यांनी आतून सोलून तिचेच तुकडे फिल्टरमध्ये येतात. पाहिलंय म्हणून सांगतो.

एक हात जोडून विनंती. गाडी घेत नाही म्हणून इनटेकमध्ये स्टार्टिंगचा स्प्रे मारू नका, आणि हीटर प्लगच्या गाडीत तर मुळीच नाही. तापलेल्या प्लगवर ईथर पडलं की ते वेळेआधी पेटतं, पिस्टनच्या रिंगा तुटतात, आणि मग खरोखरच इंजिन उतरवावं लागतं.

आता घाट. हा खरा गंमतीचा भाग आहे, कारण 'बंद पडते आणि पंधरा मिनिटांनी सुरू होते' हे लक्षण चार वेगळ्या कारणांनी हुबेहूब सारखं दिसतं, आणि चारांपैकी एकच कारण पंप आहे.

पहिलं कारण टाकीच्या तळाची जाळी. जुन्या टाकीत गंज, गाळ, शेवाळासारखा चिकट थर साठतो. तुमच्याकडे शेतावर बॅरलमधलं डिझेल कॅनने ओतायची पद्धत असेल तर विचारूच नका. चढावर भरल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, गाळ जाळीला जाऊन चिकटतो, इंजिन उपाशी राहून गचके देतं आणि थांबतं. ओढ थांबली की गाळ हळूहळू सुटून खाली बसतो. पंधरा मिनिटं झाली, रस्ता मोकळा. दुसरं, टाकीचं झाकण. टाकीत जेवढं डिझेल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते. झाकणातलं किंवा ब्रीदरचं भोक चिखलाने बुजलं तर टाकीत ओढ तयार होते. डिझेल चोरीच्या भीतीने बाजारातून कुलपाचं झाकण आणून लावलेल्या किती गाड्या माझ्याकडे आल्या! त्या झाकणाला श्वासाचं भोकच नसतं. तिसरं, कटऑफ सोलेनॉइड. चावीचा करंट मिळत असेपर्यंत तो डिझेलचा रस्ता उघडा ठेवतो. गरम झाल्यावर आतली कॉइल तुटक होते, थंड झाली की जुळते. आणि चौथं, झिजलेला पंप. डिझेल तापून पातळ झालं की झिजलेल्या पंपाला दाब धरता येत नाही.

यांना वेगळं कसं करायचं? बंद पडलेल्या जागी, त्याच दहा मिनिटांत. मस्तानी तलाव खाली दिसत असतो, बघायला छान आहे, पण तेवढ्यात पुढची कामं करा. सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. 'फस्स' असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर दोषी सापडला, घरी जा. आवाज नाही? हँड प्रायमर दाबा. दाबलेला प्रायमर वर यायला कुरकुरत असेल, खालीच चिकटून राहत असेल, तर मागून डिझेल येत नाहीय, म्हणजे टाकीची जाळी किंवा चेपलेला पाइप. प्रायमर भसाभस मऊ लागला आणि दहा-पंधरा दाबांनंतर कडक झाला, तर एअर शिरली होती. पहिल्याच दाबाला कडक असेल तर पंपाच्या दारापर्यंत डिझेल व्यवस्थित आहे, आता पुढे बघायचं. पुढे बघायचं म्हणजे चावी ऑन-ऑफ करून सोलेनॉइडवर बोट ठेवायचं, 'टिक' जाणवते का. टिक नीट लागतेय, प्रायमर कडक आहे, सेल्फ जोरात फिरतोय, तरी घेत नाही, तर एक जुना फडका पाण्यात भिजवून पिळून पंपावर ठेवा, दोन-तीन मिनिटं. थेट थंड पाणी ओतू नका, तापलेल्या धातूला ते मानवत नाही. ओला फडका ठेवल्यावर चटकन सुरू झाली आणि दर वेळी तसंच झालं, तर मी स्वतः म्हणेन की पंप उतरवा आणि चांगल्या ठिकाणी कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप तपासून जुळवायला, द्या. त्याआधी नाही.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज विचाराल तर घाटातल्या बंद पडण्याला मी जाळीवर बोट ठेवेन. कारणं दोन. गाडी बंद पडण्याआधी गचके देते, आणि फक्त लोडवर देते. विजेचा दोष गचके देत नाही, तो दिवा विझवल्यासारखा विझवतो. आणखी एक गोष्ट तपासा, बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं? दर वेळी पाव टाकीच्या खालीच असेल तर टाकीच्या आतल्या ओढ-पाइपला चीर किंवा भोक असण्याचीही शक्यता आहे. पातळी चिरेच्या खाली गेली की पाइप डिझेलऐवजी हवा ओढतो. दोन आठवडे टाकी निम्म्याच्या वर ठेवून बघा. घाटात एकदाही बंद पडली नाही तर टाकी उतरवून तो पाइप काढा आणि उजेडात धरा.

जाळीची खात्री करायचा आणखी एक मार्ग आहे. फीड पंपाकडे येणारा पाइप काढा, टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि टाकीकडे हलक्या दाबाची हवा मारा, टायरवाल्याकडची चालेल, पण नळ जरासाच उघडा. टाकीत बुडबुड्यांचा आवाज येईल. यानंतर आठ-दहा दिवस गाडी घाट लीलया चढली आणि मग पुन्हा तोच खेळ सुरू झाला, तर शंका उरत नाही. मग टाकी उतरवून धुवा. जाळी कापून टाकायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका. टाकीतला गाळ मग थेट फिल्टरवर येतो आणि दर पंधरवड्याला फिल्टर बदलत बसाल. आणि टाकीला चीर दिसली तरी रिकाम्या टाकीवर वेल्डिंग करू देऊ नका. 'रिकामी' टाकी वाफेने भरलेली असते.

आता ते फुरसुंगीचं वाक्य. गचका नाही, सपाट रस्ता, स्पीडब्रेकर, फट्‌कन बंद, लगेच सुरू. हे डिझेल नव्हे. डिझेल अडलं तर लगेच सुरू होत नाही. हा करंट क्षणभर तुटल्याचा प्रकार आहे, आणि तो मला माझ्या एका चुकीची आठवण करून देतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक छोटा टेंपो आला होता, अगदी असाच, चालता चालता बंद. मी तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत होतो. दोन दिवस पाहिलं, गॅरेजमध्ये दोष दिसला नाही, म्हणून पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवला. परत बसवला, मालक पैसे देऊन खूश होऊन गेला. तिसऱ्या दिवशी तोच प्रकार, स्वारगेटच्या चौकात, भर गर्दीत. या वेळी मी स्वतः शेजारी बसून फिरलो. खड्डा आला की ड्रायव्हरच्या चावीचा जुडगा हेलकावा खायचा, त्यात गोडाऊनच्या सात-आठ चाव्या आणि एक पितळी घंटा. झिजलेल्या स्विचमध्ये तेवढ्या ओझ्याने चावी केसभर मागे सरकायची आणि कटऑफचा करंट तुटायचा. जुडगा काढून एकटी चावी लावली आणि गाडी ठणठणीत. पंप उतरवायची मजुरी मी परत केली, पण कॅलिब्रेशनचे पैसे त्या माणसाचे गेलेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती. म्हणून तुमचा पंप उतरवण्याआधी एवढं लांबलचक लिहितोय.

तर तुमच्या जुडग्यात किती चाव्या आहेत ते आधी बघा. आणि डॅशबोर्डवर एक छोटा बल्ब लावा. हा माझा सगळ्यात आवडता जुगाड आहे. कटऑफ सोलेनॉइडच्या वायरला समांतर एक वायर जोडून केबिनमध्ये आणायची, सुरुवातीलाच बारीक फ्यूज टाकायचा, पुढे पाच वॉटचा साधा बल्ब आणि बल्बची दुसरी बाजू अर्थ. हवं तर त्यावर लाल कागद चिकटवा, रात्री डोळ्यांना त्रास नको. गाडी चालू असेपर्यंत बल्ब पेटलेला राहणार. ज्या क्षणी गाडी बंद पडेल त्या क्षणी फक्त बल्बकडे बघायचं. बल्ब विझला किंवा लुकलुकला, तर दोष चावीचा स्विच, फ्यूज, जोड किंवा वायरिंगमध्ये. बल्ब पेटलेलाच राहून गाडी मेली, तर करंट होता. मग सोलेनॉइडची कॉइल किंवा डिझेल. शंभर-दीडशे रुपयांचा हा बल्ब लाख रुपयांच्या स्कॅनरइतकं सांगतो, कारण तो दोष हजर असताना जागेवर हजर असतो.

बल्ब विझतोय असं कळलं तर दुसरी पायरी. बॅटरीवरून १० अँपिअरचा फ्यूज आणि एक साधा स्विच घालून सोलेनॉइडला थेट करंट द्या, जुनी वायर बाजूला टेप करून ठेवा. अशी गाडी आठवडा चालवा. बंद पडली नाही तर मूळ वायरिंग दोषी. फक्त लक्षात ठेवा, असं असताना चावी काढली तरी इंजिन बंद होणार नाही, त्या स्विचनेच बंद करावं लागेल. घरातल्या सगळ्यांना आणि बदली ड्रायव्हरला सांगून ठेवा. आणि हा कायमचा इलाज नाही, तपासणी झाली की काढून मूळ वायरिंग दुरुस्त करा.

तुमच्यासारखाच त्रास असलेल्या, पण कॉमन रेल इंजिनाच्या (एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने डिझेल ठेवणाऱ्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) गाडीवाल्यांसाठी दोन शब्द, कारण हे वाचून ते चुकीच्या ठिकाणी पाना लावतील. अशा गाडीत गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणारी वस्तू म्हणजे बहुधा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जराही हलत नसेल तर तिथून सुरुवात करा. आणि एअर काढायला नोझलचे पाइप सैल करायची जुनी सवय कॉमन रेलवर अजिबात चालवू नका. तिथला दाब १,००० बारच्याही वर जातो, ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून टाचणीच्या टोकाएवढी जखम दिसत असली तरी बोट गमवायची वेळ येते.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता. या रविवारी अर्थ पट्टी, टर्मिनल, व्होल्टची मोजमापं आणि बल्ब, एवढं एका सकाळीत होतं. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढा आणि अर्धा तास ठेवा. तळाला पाणी किंवा काळा गाळ बसला तर टाकीबद्दलचा माझा संशय बळावतो. पुढच्या आठवड्यात गाडी उताराला आणि चढाला उभी करायची चाचणी. टाकी उतरवणं त्यानंतर, मालाचा मोसम सुरू व्हायच्या आत, कारण त्यात गाडीचा एक दिवस मोडतो. या काळात गाडीत एक वही ठेवा. बंद पडली की तारीख, जागा, टाकीतलं डिझेल, किती लोड, गचके होते की नव्हते, आणि बल्ब. ड्रायव्हर दुसरा असेल तर त्यालाच लिहायला सांगा, संध्याकाळी आठवून लिहिलेलं कामाचं नसतं.

घाटात पुढच्या वेळी बंद पडली की झाकण, प्रायमर आणि बल्ब या तिघांनी काय सांगितलं तेवढं मला कळवा. पंपवाल्याला तोपर्यंत थांबायला सांगा.